उपाशी पिशवीची सहल

मी एक पिशवी बोलतेय. कापडी, दोन बंदांची, पितळी बटणाची, आणि मुख्य म्हणजे उपासकरी.

शिवून झाले त्याच दुपारी मी एक नवस बोलले होते. शेजारच्या नीलाकाकूंच्या शिलाई मशीनवर उताणी पडले होते, कडेचे दोरेसुद्धा अजून कापायचे होते. पिशवीला हात नसतात, पण बंद असतात. ते दोन्ही जोडले आणि मनात म्हटलं, तलवाड्याच्या देवीआई, हे सगळं घर एकत्र मिळून संभाजीनगरचं ते संग्रहालय बघायला निघेपर्यंत मी पोटात अन्नाचा कण घेणार नाही.

पिशवीनं कशाला उपास धरावा, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या घरात मी आले, त्या घरात उपास न धरणारं एक मांजर तेवढं होतं, आणि तेही एकादशीला मुकाट दुधावर राहायचं.

माझी मालकीण बबिता. मेंढपाळाच्या घरची सून. तिचा सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, वर चतुर्थी आणि दोन एकादश्या. घरात कुणी दोनदा शिंकलं की ती एक नारळ बोलते. शेजारी वैजिनाथ आप्पांचं किराणा दुकान आहे. आप्पा म्हणतात, माझे निम्मे नारळ सूनबाईच्या काळजीवर खपतात. बबिता हसते आणि आणखी एक नारळ घेते.

तिच्या घरात माणसं सहा. सासरे धुळाजी, म्हणजे मुलांचे आबा. सासूबाई साखराबाई. नवरा रामेश्वर, तो गेवराईला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात जातो. दहा वर्षांची ऋतुजा, पहिलीतला माऊली आणि स्वतः बबिता. त्याशिवाय वाड्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, साठेक मेंढरं. आबांना कुणी विचारलं, घरात कितीजण, तर ते मेंढरांपासून सुरुवात करतात.

आता माझा जन्म का झाला ते सांगते. तेव्हा मी नव्हते, आणि होतेही. माझं लाल अंग आबांच्या डोक्याला पटका होऊन गुंडाळलेलं होतं. निळं अस्तर ऋतुजाच्या अंगात शाळेचा स्कर्ट होऊन फिरत होतं. बंद साखराबाईंच्या लुगड्याच्या काठात होते, बाजूचा खिसा रामेश्वरच्या शर्टाला होता. घरभर तुकड्यातुकड्यांनी मी हजर होते, त्यामुळं जे झालं ते मी चारी बाजूंनी पाहिलंय.

आबांच्या जाकिटाचं एक पितळी बटण तुटून अंगणात पडलं होतं. माऊलीनं ते उचललं, पुसलं, आणि तोंडात धरून बघितलं. मग तो शांतपणे आईकडं आला आणि म्हणाला, बटण गेलं. कुठं गेलं म्हणून तिनं विचारलं, तर त्यानं पोटावर बोट ठेवलं.

पुढचा अर्धा तास त्या घरात जे झालं त्याला पळापळ हा शब्द लहान पडतो. आप्पांनी दुकान उघडं टाकून गाडी काढली. बबिता लेकराला पोटाशी धरून मागं बसली आणि गेवराईच्या रस्त्यावर तिनं देवीला साकडं घातलं. एरवी ती साडीचोळी बोलते, खण बोलते. त्या दिवशी काही सुचेना, तोंडात आलं ते बोलली.

"आई, माझं लेकरू सुखरूप ठेव. ते म्हणंल तिथं सगळं घर घिऊन जाईन. दाराला कुलूप लावून जाईन, एक माणूस मागं ठिवणार न्हाई."

आप्पा गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाले की सूनबाई, नारळावर भागलं असतं.

डॉक्टरांनी फोटो काढला. काळ्या फिल्मवर माऊलीच्या बरगड्या आणि खाली पोटात ते बटण, पुनवेच्या चंद्रासारखं गोल. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, केळी खाऊ घाला, आपोआप बाहेर येईल. मग दोन दिवस साऱ्या वस्तीचं लक्ष एकाच गोष्टीकडं. तपासणीचं काम साखराबाईंनी स्वतःकडं घेतलं होतं, तिकडं त्या दुसऱ्या कुणाला फिरकू देत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी घरामागून त्यांचा आवाज आला, "आलं गं बया, बटण आलं." आप्पांनी दुकानातल्या गोळ्या वाटल्या. आबांनी बटण परत घ्यायला नकार दिला.

आता नवसाप्रमाणं लेकरू काय म्हणतं ते विचारायचं होतं. रामेश्वरनं मनातल्या मनात सायकलीची तयारी ठेवली होती. माऊली ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघत होता. तो म्हणाला, मला पोट आतून बघायचंय.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग ऋतुजानं उलगडून सांगितलं. शाळेत सरांनी मोबाईलवर दाखवलं होतं, संभाजीनगरला मुलांसाठी एक संग्रहालय झालंय. तिथं घराएवढा एक माणूस करून ठेवलाय. त्याच्या तोंडातून आत शिरायचं, घशातून घसरायचं आणि पोटात जाऊन उभं राहायचं. आतड्यातून रांगत बाहेर यायचं. शिवाय माणूस मावेल एवढा साबणाचा फुगा, पायडल मारून फिरवायचं पाणी, अंधारात आपली सावली भिंतीला चिकटून राहते अशी खोली. साखराबाई म्हणाल्या, हे ऐकूनच मला गरगरायला लागलंय, मी येणार म्हंजे येणार.

त्याच आठवड्यात माझा जन्म झाला. सहलीला पिशवी पाहिजे, आणि ती सगळ्यांच्या कापडाची पाहिजे, असं बबिताच्या मनानं घेतलं. नीलाकाकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, यांच्या मशीनवर तिनं मला शिवलं आणि ते बटण हळदीच्या पाण्यात सात वेळा धुऊन माझ्या तोंडाला लावलं. मग काकूंना म्हणाली, ही पहिल्यांदा तिथंच निघंल, तवर हिच्यात मिरचीसुद्धा टाकायची न्हाई. तेव्हाच मी माझा नवस बोलले. मालकिणीनं शब्द दिला आणि पिशवीनं त्यात कांदे भरून घेतले, हे बरं दिसलं नसतं.

तिनं स्वतःही एक सोडलं, चहा. नवस फिटेपर्यंत चहा नाही. उपास ती हसत हसत करते, पण चहा म्हणजे बबिताचा जीव. पहिले तीन दिवस ती सगळ्यांना चहा द्यायची आणि रिकामं पातेलं हुंगून ठेवायची.

मला देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगलं. तिथून सगळं घर दिसतं.

माणसांची एक सवय मी त्या खुंटीवरून बघितली. जाण्यापेक्षा जाण्याचं ठरवणं त्यांना लई आवडतं. रोज जेवणं झाली की सहलीचा विषय. ऋतुजा वहीत यादी करायची. दशम्या, शेंगादाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, ओवा, लिंबू. साखराबाई म्हणायच्या, जाडजूड दशम्या घ्या, त्या घराएवढ्या माणसाच्या पोटात गेल्यावर आपल्याला भूक लागंल. रामेश्वर म्हणायचा, त्याच्याच पोटात काही सापडतंय का बघू. माऊली दर वेळी एकच विचारायचा, तिथं बटण असंल का.

आणि तारीख. तारीख ठरवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. सोमवारी संग्रहालय बंद. मंगळवारी आणि गुरुवारी बबिताचा उपास, पण ती म्हणाली, उपासाचं काय, साबुदाणा घेऊ. साखराबाई म्हणाल्या, उपासाच्या पोटानं दुसऱ्याच्या पोटात जायचं न्हाई. शनिवारी त्या प्रवास करत नाहीत. बुधवारी, शुक्रवारी रामेश्वरला सुट्टी नाही. रविवार राहिला, तर पहिल्या रविवारी अमावस्या निघाली. दुसऱ्या रविवारी दोन मेंढ्या व्याल्या. तिसऱ्या रविवारी कुणाची तरी हळद होती आणि हळदीला न जाणं म्हणजे पुढची दहा वर्षं ऐकून घेणं.

दर रविवारी पहाटे बबिता मला खाली काढायची, झटकायची. माझ्या अस्तरात गुदगुल्या व्हायच्या. मला वाटायचं, आज. मग काहीतरी निघायचं आणि मी परत खुंटीवर.

माझ्या उपासावरही कमी संकटं आली नाहीत. रामेश्वरला एकदा डब्याची पिशवी सापडेना, त्यानं मला हात घातला. बबितानं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की तो डबा काखेत मारून गेला. साखराबाई लसणाच्या गड्ड्या घेऊन दोनदा माझ्यापर्यंत आल्या आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत परत गेल्या. आणि माऊलीनं तर एक दिवस नुकतं जन्मलेलं कोकरू गारठलंय म्हणून सरळ माझ्यात बसवलं. ऊबदार, ओलं, थरथरणारं. त्यानं माझा बंद चोखायला घेतला. मी घाबरले. मोडला का उपास? मग विचार केला, हे अन्न नाही, हा पाहुणा आहे. एकदा बबितानं चतुर्थीला चुकून ताटातली भाकरी मोडली होती, तेव्हा तीच म्हणाली होती की देव चुकीला धरत नाही, मनाला धरतो. मीही तेच म्हटलं आणि कोकराला तासभर सांभाळलं. तासाभरात त्यानं काय केलं ते सांगत नाही. मला दोन दिवस वाळत घालावं लागलं.

दुसरी अडचण कुलपाची. नवसात बबिता कुलूप बोलून बसली होती, आणि त्या घराला कुलूप नव्हतंच. मेंढरांचं घर कधी बंद नसतं. कुणी ना कुणी मागं राहतंच. रामेश्वरनं आप्पांच्या दुकानातून कुलूप आणलं, तर दाराला कोयंडा नाही. कोयंडा आणला, तर तो ठोकताना चौकटीचा ढलपा निघाला. शेवटी दार नवं करावं लागतंय की काय अशी वेळ आली. आबा बाजेवर बसून हे बघत होते. म्हणाले, "कावून एवढा खटाटोप? मी हाय ना हितं. तुमी जाऊन या."

ते वाक्य ऐकलं आणि बबिताच्या हातातला कोयंडा तसाच राहिला.

खरी गाठ इथंच होती, बघा. तिनं देवीला एक माणूस मागं ठेवणार नाही म्हणून सांगितलं होतं. आबा म्हणत होते, मेंढरं सोडून मी येत नाही. ती म्हणाली, मामा, मी बोलून बसलेय. ते म्हणाले, देवीला मेंढरं ठावं हायत, ती समजून घेईल. बबिता सासऱ्यापुढं जास्त बोलत नाही. ती आत आली आणि माझ्या शेजारी देव्हाऱ्यापुढं बसली. माऊलीला त्या दिवसांत जरा सर्दी झाली होती. तो खोकला की ती देवीच्या फोटोकडं बघायची. तिच्या मनात काय आहे ते मला दिसत होतं. फेडायचा नवस अर्धा फेडला, आणि पुन्हा लेकराला काही झालं तर? मी तिला सांगणार होते, देवी अशी नसते गं. पण पिशवीचं कोण ऐकतं.

मग वैजिनाथ आप्पा पुढं आले. एका दिवसाचा प्रश्न आहे, म्हणाले, मेंढरं मी सांभाळतो. वस्ती हसली. दुकानदार माणूस, पायात बूट, कपाळाला भस्माचे पट्टे, शाकाहारी. आप्पा म्हणाले, मी दर वर्षी कपिलधारच्या यात्रेला पायी जातो, चालायचं मला सांगू नका. आबांनी विचार केला आणि अट घातली. "ज्याच्या हाकंला मेंढरं येतील त्याच्या हाती देईन."

अट अवघड म्हणून घातली होती, हे सगळ्यांना कळलं. आप्पांना सोडून.

मग आठ दिवस जी मजा झाली ती मी खुंटीवरून, खिडकीतून, डोळे भरून बघितली. आबा टाळू आणि जिभेनं एक आवाज काढतात, त्यावर सगळा कळप मान उचलतो. आप्पांनी तो आवाज काढला तर समोरचा कुत्रा निघून गेला. आयुष्यभर गिऱ्हाईक बोलवलेला माणूस, त्यांच्या तोंडात तेच यायचं, या मालक, बसा, काय देऊ. मेंढरं त्यांच्याकडं बघायची आणि चरायला लागायची. पहिल्या दिवशी आप्पांच्या पायाला फोड आले. तिसऱ्या दिवशी एका मेंढीनं त्यांचं उपरणं खाल्लं. नीलाकाकू म्हणाल्या, कपिलधारच्या वाटेवर उपरणं खाणारं कुणी भेटलं नसंल. आप्पा म्हणाले, सूनबाईचा शब्द आहे, मागं हटायचं नाही.

आठव्या दिवशी आप्पांनी हाक मारली आणि साठच्या साठ मेंढरं त्यांच्या अंगावर धावली. साखराबाईंनी टाळ्या वाजवल्या. आबांनी शांतपणे आप्पांच्या खिशात हात घातला आणि मूठभर हरभऱ्याची डाळ बाहेर काढली. दोन्ही खिसे भरलेले होते.

"ही हाक हाय व्हय बे?" आबा म्हणाले.

आप्पा म्हणाले, धुळाजी, तुमची हाक घशात आहे, माझी खिशात. आली ना मेंढरं?

त्या वेळी मी आबांना पहिल्यांदा खळखळून हसताना बघितलं. तारीख ठरली, येता रविवार. अमावस्या नाही, हळद नाही, व्यायला झालेली मेंढी नाही. कोयंडा बसला. ऋतुजानं यादी पाचव्यांदा नव्या पानावर उतरवून काढली.

आणि शनिवारी दुपारी आबा पुन्हा म्हणाले, मी येत न्हाई.

आता मेंढरांचं कारण उरलं नव्हतं. रामेश्वर चिडला, साखराबाई चार शब्द बोलल्या, आबा जागचे हलले नाहीत. सगळे आपापल्या कामाला गेल्यावर बबिता त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. ते देव्हाऱ्याच्या खोलीतच बसले होते, माझ्या अगदी खाली. तिनं काही विचारलं नाही. कप ठेवला आणि जमिनीवर बसून राहिली. त्यांनी विचारलं, तुझा कुठंय? ती म्हणाली, सोडलाय, मामा. कधीपासून? बटणापासून.

आबांनी कप बाजूला सरकवला. मग बोलले, हळू, जणू माझ्याशीच.

"जवानीत गेलतो मी एकदा शहरात. घोंगडी इकाया. असंच एक मोठं घर व्हतं, जुन्या वस्तू मांडलेलं. काठी भाईर ठिवली, पायताण भाईर ठिवलं. आत दोरीच्या पल्याड एक घोंगडं टांगलेलं. आमच्याच घरावानी इणलेलं. मी नुसता हात लावला, सूत कसं हाय बघाया. त्यांनी दंडाला धरून भाईर काढलं. समद्या लोकांम्होरं."

मग म्हणाले, "माझं हात आवरत न्हाईत, पोरी. लेकरांम्होरं पुन्हा तसं नगं."

बबिताच्या डोळ्यात पाणी आलं. मला खुंटीवर राहवेना. माझं लाल अंग त्यांच्याच पटक्याचं. जुन्या कापडात त्या दिवसाचा घाम अजून कुठंतरी असेल, मी इतके दिवस तो ओळखला नव्हता.

पण ऋतुजा दाराआडून ऐकत होती. ही पोर रडत बसणारी नाही. तिनं बापाचा मोबाईल घेतला, सरांकडून मिळालेला संग्रहालयाचा नंबर लावला आणि सगळ्यांना हाका मारून गोळा केलं आणि आवाज मोठा करून तो मधोमध धरला. पलीकडून एक बाई बोलल्या. ऋतुजानं विचारलं, तिथं वस्तूंना हात लावला तर काय करता?

बाई हसल्या. म्हणाल्या, हात लावला नाही तर आम्ही विचारतो, का लावला नाही. इथं सगळं हात लावून बघायचंच आहे. मग ऋतुजानं विचारलं, म्हाताऱ्या माणसांना आत सोडता का? बाई म्हणाल्या, मोठ्या माणसांना एकट्याला सोडत नाही. कुठल्याही मोठ्या माणसाला आत यायचं तर सोबत एक मूल लागतं. तो आमचा नियमच आहे.

ऋतुजानं फोन ठेवला. माऊली, ज्याला या साऱ्यातलं निम्मंच कळलं होतं, आबांजवळ गेला. आपली सर्दीची ओली मूठ त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "आबा, तू एकटा गेला तर तुला सोडत न्हाईत. माझा हात धरावा लागंल."

आबांनी त्या मुठीकडं बघितलं. तिच्यातली सर्दी आपल्या धोतराला पुसली. मग ऋतुजाला म्हणाले, पुन्हा लाव त्या बाईला. मला इचारायचंय.

या वेळी ते स्वतः बोलले. फोन कानापासून वीतभर लांब धरून, शेतापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे. आमच्या घरची वस्तू आणली, लेकरांना हात लावाया, तर चालंल का, म्हणून विचारलं. बाईंना आधी समजलं नाही. मग समजलं. त्या म्हणाल्या, आजोबा, आणाच.

रविवारी सकाळी बबितानं मला खुंटीवरून काढलं. या वेळी झटकलं नाही, देवीपुढं ठेवून हळदकुंकू लावलं. आणि मग, काय सांगू तुम्हाला, माझ्यात गरम दशम्यांचं फडकं उतरलं. वर चटणीचा डबा, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, ओवा, चार लिंबं. इतक्या दिवसांच्या उपासानंतर पहिला घास पोटात गेला की डोळे भरून येतात म्हणतात, ते खरंय. माझ्या शिवणी तट्ट फुगल्या. साखराबाई म्हणाल्या, हिला तर सातवा महिना लागलाय.

सगळ्यात वर आबांनी स्वतःच्या हातानं दोन वस्तू ठेवल्या. काळ्या लोकरीचा एक झुपका आणि सूत कातायची त्यांची टकळी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. म्हणाले, लेकरांना फिरवू द्यायची. तुटली तर तुटली.

दाराला कुलूप लागलं. रामेश्वरनं किल्ली कुठं ठेवायची यावर पाच मिनिटं चर्चा झाली. वाड्याजवळ आप्पा खिसे फुगवून उभे होते आणि मेंढरं त्यांच्याकडं आशेनं बघत होती. नीलाकाकूंनी बबिताला विचारलं, आता तरी घोटभर चहा घेतेस का? ती म्हणाली, अजून न्हाई, पोटातून भाईर आल्यावर घेईन. कुणाच्या पोटातून, ते त्यांनी विचारलं नाही. एवढ्या दिवसांत वस्तीला सगळं पाठ झालंय.

आता मी फाट्यावर आहे, आबांच्या खांद्यावर. कडुलिंबाखाली सहाही जण एका रांगेत उभे आहेत, धुतलेल्या कपड्यात, तेल लावलेल्या केसांत, जणू कुणी फोटो काढणार आहे. गेवराईची एसटी लांबून दिसायला लागलीय. तिथून पुढची दुसरी धरायची, गोदावरीचा पूल ओलांडायचा, मग अजून लांब. ऋतुजानं यादीची वही काखेत धरलीय. साखराबाई मोठमोठ्यानं विचारतायत की घशातून घसरताना लुगडं सांभाळायचं कसं. माऊलीनं आबांचं एक बोट धरलंय आणि त्यांना पुन्हा पुन्हा बजावतोय, आत गेल्यावर सोडू नको, न्हाईतर तुला भाईर काढतील. आबा दर वेळी म्हणतात, न्हाई सोडत बाबा.

घराएवढ्या माणसाचं ते पोट मी अजून बघितलेलं नाही. ते असेल तसं असेल. पण माझं पोट आज भरलंय.

तर मंडळी, तुम्ही हे इतका वेळ ऐकलंत, तुम्हाला एक विनंती करते. देवाला नारळ द्या, खण द्या, साडी द्या, ते चांगलंच आहे. पण एखादा नवस असाही बोला, की माझ्या घरातलं जे माणूस नेहमी मागं राहतं, कुणी विचारलं की मी हाय ना हितं म्हणतं, त्याला घेतल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. ते नाही म्हणेल. त्याचं कारण मेंढरं नसतात, हे ध्यानात ठेवा. त्याच्याजवळ जमिनीवर बसा आणि वाट बघा. आणि जमलं तर घरातल्या सगळ्यांच्या जुन्या कापडाची एक पिशवी शिवा. ती उपाशी राहील, तुम्ही तिची काळजी करू नका.